बुंदी कोणाची?

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे लोक जगात पुष्कळ असतील, पण ते तुळशीपत्र दरवर्षी माइक लावून ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमचे अध्यक्ष हिंमतराव. मेहकरात आमची पतसंस्था आहे. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण ते अध्यक्षांच्या वडिलांचं नाव आहे, आणि वडील बिचारे भले होते. मी तिथं कॅशियर, वंदना. गावात सगळे मला ताई म्हणतात. ज्यांनी सुट्ट्या पैशांवरून माझ्याशी कधी वाद घातलाय, ते जरा जपून म्हणतात.

दर जानेवारीत या वडिलांची, म्हणजे बापूजींची, पुण्यतिथी असते. संस्थेच्या मागच्या मैदानात मांडव पडतो आणि अर्धं मेहकर जेवायला येतं. पोळी, वांग्याची भाजी, वरण, भात आणि वर बुंदी. हिंमतराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत मधोमध खुर्ची टाकून बसतात आणि जेवून उठणारा प्रत्येक माणूस त्यांच्यासमोर हात जोडून जातो. "भाऊ, तुमच्यासारखा दानशूर नाही," असं म्हणतो. भाऊ मान खाली घालतात. ती मान खाली घालण्याची पद्धत इतकी सुंदर आहे की त्यांनी ती आरशासमोर बसवली असावी असा मला संशय आहे.

गावाला ठाऊक नसलेली गोष्ट एवढीच, की हा भंडारा आमच्या पगारातून होतो. डिसेंबरच्या पगारातून प्रत्येकाचा एक दिवसाचा पगार कापला जातो. पगारचिठ्ठीवर 'अन्नदान' असा शब्द येतो आणि पुढे आकडा. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. एका वर्षी मी पंगतीत बसले होते, तर हिंमतराव स्वतः बुंदीवाल्याला घेऊन माझ्या पानासमोर आले. "वाढ रे वंदनाताईले. लाजू नका ताई, पोटभर घ्या. आपलंच समजा."

आपलंच होतं, त्यात समजायचं काय? पण मी हसले आणि बुंदी घेतली. घरी येऊन नवऱ्यावर मात्र विनाकारण ओरडले.

तुम्ही म्हणाल, एवढी तोंडाळ बाई, मग बोलली का नाहीस? अहो, नाही म्हणायचं तर आधी कोणीतरी विचारावं लागतं. न विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणणं म्हणजे रिकाम्या घराच्या दारावर भांडायला जाणं. शिवाय काम होतं अन्नदानाचं. अन्नदानाला विरोध करणारी बाई म्हणून मेहकरात नाव काढायची कोणाला हौस होती? आमचे मॅनेजर गोकुळ सर तर याबाबतीत फार हुशार. माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या पगारातून दान कापता येत नाही, हा नियम त्यांना आमच्यापेक्षा चांगला ठाऊक होता. म्हणूनच त्यांनी संमती कधी मागितली नव्हती. मागितली आणि कोणी नाही म्हटलं तर काय करायचं?

दीड वर्षापूर्वी पावसाळ्यात धम्मशीला आली. दुसरबीडजवळच्या खेड्यातली, जानराव खरातांची मुलगी. बी.कॉम. झालेली, सडपातळ, बोलायला कमी आणि कामाला चोख. सहा महिने कच्ची नोकरी आणि मग अध्यक्षांची सही झाली की कायम. तिच्या घरात पगाराची नोकरी लागलेली ती पहिली. वडिलांनी तिला मेहकरात खोली घेऊन दिली, ती घरमालकाला "पोरगी जानेवारीत कायम होते" असं सांगूनच. घरमालकानं ते मला सांगितलं. तिनं स्वतः सांगितलं नाही, पण टेबलावरच्या कॅलेंडरात जानेवारीचं पान ती डिसेंबरातच उलटून पाहायची.

डिसेंबरचा पगार झाला. आपली चिठ्ठी पाहून ती माझ्याकडे आली.

"ताई, हे अन्नदान काय हाय?"

मी सांगितलं.

"मले त कोणी विचारलंच नाई."

"कोणालेच नाई विचारत, बाई."

"मंग दान कसं झालं थे?" ती खरंच बुचकळ्यात पडली होती. "आमच्या गावात जयंतीची वर्गणी मागाले पोट्टे दारात येतात. तोंडानं मागतात. माह्या बाबानं दोन-तीनदा नाई बी म्हनलं. दुसऱ्या साली पोट्टे पुन्हा आले. कोणी रागावलं नाई."

एवढं बोलून ती जागेवर गेली आणि तिनं दोन ओळींचा अर्ज लिहिला. माझ्या पगारातून कापलेली रक्कम मला न विचारता कापली असल्यामुळे परत जमा करावी, ही विनंती. खाली सही. आमच्या संस्थेत आजवर रजेचे, कर्जाचे आणि पंख्याचे अर्ज आले होते. असा अर्ज पहिलाच. गोकुळ सरांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. त्याच आठवड्यात ऑडिटवाले यायचे होते. अर्ज आवक झालेला, शिक्का पडलेला. सरांनी दुपारच्या आत तिचे पैसे परत जमा केले आणि मग डोक्याला हात लावून बसले, कारण आता हे अध्यक्षांना सांगायचं होतं.

हिंमतरावांची केबिन माझ्या कॅशच्या काउंटरला लागून आहे. मधली भिंत प्लायवूडची. मी कान लावत नाही, आवाजच येतो.

"काऊन वं पोरी," हिंमतराव म्हणाले, "गरिबाच्या तोंडात घास जाते, त्याचं तुले वाईट वाटते?"

"नाई साहेब. घासाचं काहीच नाई. पुण्यतिथीले मी सकाळपासून वाढाले येते. हात मागा, देते. पगार मले न विचारता कापू नका."

"बाकीचे तुह्यापेक्षा मोठे हायत. त्याइनं कधी तोंड उघडलं नाई."

"त्याइले बी विचारलं नसन साहेब."

 मग हिंमतरावांचा आवाज आला. तो रागाचा नव्हता, दुखावलेला होता आणि ते जास्त वाईट. "तुह्या कायमच्या कागदावर सही माही लागते ना? पुण्यतिथी होऊ दे. मंग पाहू."

धम्मशीला बाहेर आली. माझ्या काउंटरपाशी थांबून तिनं बाटलीतलं पाणी प्यायलं. 

"घे मागं अर्ज," मी हळूच म्हटलं. "एका दिवसाच्या पैशासाठी नोकरी घालवतं काय? थे आपल्यासारख्याइनं गिळायचंच असते."

"ताई, मले भेव वाटून राह्यलं," ती म्हणाली. "पण आता मागं घेतला त दरसाल भेव वाटन."

मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर तिचा नव्हे, पण त्या वेळी समोर तीच होती.

हिंमतरावांना मात्र तो अर्ज पचेना. पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी त्यांनी दयारामला केबिनमध्ये बोलावलं. दयाराम आमचा शिपाई, पण खरा हुद्दा माइकवाला. लग्न असो, बारसं असो, सभा असो, मेहकरात माइक दयारामच्याच हातात. गळा असा की बसस्टँडवर बोलला तर बाजारात ऐकू यावं. पण त्याची बोलण्याची एकच पद्धत. नाव घ्यायचं, सविस्तर घ्यायचं, आणि शेवटी 'टाळ्या' म्हणायचं. हरवलेल्या म्हशीची दवंडीसुद्धा त्यानं एकदा टाळ्यांवर संपवली होती.

"उद्या माइकवर एक नाव घ्यायचं," हिंमतराव म्हणाले. "जिनं देल्लं नाई तिचं. कळू दे गावाले."

गोकुळ सरही आत होते. "साहेब, याच्यात काहीतरी चुकून राह्यलं असं वाटते."

"काय चुकते?"

"थे सापडून नाई राह्यलं," सर म्हणाले, आणि ते खरं होतं. मलाही प्लायवूडच्या अलीकडे तसंच वाटत होतं. काहीतरी चुकत होतं आणि ते काय हे तिघाचौघांत कोणालाच सापडत नव्हतं. भीतीपोटी आम्ही सगळे धम्मशीलाचाच विचार करत होतो. मेहकरात माइकवर घेतलेलं नाव दुसरबीडला एस.टी.च्या आधी पोचतं. जानरावांच्या कानावर ते जाणार, घरमालकाच्या जाणार, आणि मग ती सही होणार नाही हे तर ठरलेलंच.

मी संध्याकाळी तिला सांगून टाकलं. उद्या येऊ नको, ताप आला म्हण. ती म्हणाली, "वाढाले येते म्हनलं ना ताई." आणि सकाळी माझ्याआधी हजर. ओढणी कमरेला खोचून, वरणाची बादली हातात घेऊन पहिल्या पंगतीत फिरत होती. मी बुंदीचं ताट घेतलं. आमचा सगळा स्टाफ दरवर्षी वाढतोच. पैसे आमचे आणि हातही आमचे, एवढं तरी सुसंगत होतं.

दुसरी पंगत भरात आली. हिंमतराव खुर्चीवर होते. कलाबाई पंगतीच्या टोकाला बसली होती. ही आमची जुनी ठेवीदार, बाजारात भाजी विकते आणि रोज संध्याकाळी ओच्यातले पैसे माझ्या खिडकीत मोजून देते. मोजते ती, आणि मी पुन्हा मोजले तर रागावते. हिंमतरावांनी दयारामला मान हलवून खूण केली.

दयारामनं माइकवर फुंकर मारली. "आलेल्या सर्व अन्नप्रेमी मंडळींचं लक्ष असावं! आपल्या पतसंस्थेच्या कर्मचारी, दुसरबीड परिसराच्या सुकन्या, कुमारी धम्मशीला जानराव खरात यांनी यंदाच्या अन्नदानासाठी आपला एक दिवसाचा पगार..." इथं तो सवयीप्रमाणे थांबला, श्वास घेतला, "...देल्ला नाई! टाळ्या!"

आणि टाळ्या पडल्या. पडणारच. मेहकरात दयाराम 'टाळ्या' म्हणाला की लोकांचे हात आपोआप हलतात, मग त्यात वरणभात असो. काहींनी तर "वा वा" म्हटलं. धम्मशीला पंगतीच्या मधोमध बादली घेऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं आता ही बादली टाकून पळणार, आणि पळाली तर मी हिंमतरावांच्या खुर्चीला लाथ मारणार, नोकरी गेली तर गेली. माझं डोकं खरंच फिरलं होतं.

तेवढ्यात पंगतीच्या टोकाकडून कलाबाईचा आवाज आला.

"थांब रे दयाराम! या पोरीनं पगार देल्ला नाई म्हंतं. म्हंजे बाकीच्याइनं देल्ला काय?"

दयाराम सरळ माणूस. त्याला कोणी विचारलं की तो सांगतो, आणि हातात माइक असला की माइकवर सांगतो. "हाव ना मावशी. सगळ्याइचा कापते दरसाल. माहा बी कापते."

मांडवात एकदम घास थांबले. गोकुळ सरांना काय चुकत होतं ते त्या क्षणी सापडलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मंग हे बुंदी कोणाची व्हय?" कलाबाईनं पत्रावळीवरची बुंदी चिमटीत धरून विचारलं.

"वंदनाताईची, गोकुळ सरची, माही, समद्याइची," दयाराम म्हणाला.

"अन् भाऊचं काय हाय याच्यात?"

दयारामनं प्रामाणिकपणे विचार केला. स्पीकरमधून त्याचा विचार करतानाचा श्वासही ऐकू येत होता. "मांडव," तो म्हणाला. मग त्याला आठवलं. "नाई, मांडव बी संस्थेच्या खर्चाचा हाय."

"संस्थेचा म्हंजे आमचाच! आमच्याच ठेवीचा!"

"हाव. भाऊचं..." दयाराम अडला आणि मग त्याला उत्तर सापडल्याचा आनंद झाला. "बॅनर हाय ना! बॅनरवर नाव भाऊचं हाय!" आणि सवयीनं म्हणाला, "टाळ्या!"

या खेपेला टाळ्या पडल्या नाहीत. आधी एक जण हसला, मग शेजारचा, आणि मग अख्खी पंगत अशी हसली की कोणाला तरी वरण नाकात गेलं. हिंमतराव मान खाली घालून बसले होते. पण ही मान आरशासमोर बसवलेली नव्हती. कान लाल झाले होते. का कोण जाणे, मला त्या क्षणी त्यांची दया आली. पहिल्या एक-दोन वर्षी हा माणूस खरंच स्वतःच्या सोयाबीनच्या पैशातून जेवण घालायचा. मग गोकुळ सरांनी सोपी वाट दाखवली आणि चालता चालता पैसे कोणाचे हे ते स्वतःच विसरून गेले. लोकांनी हात जोडले की माणसाला स्वतःचं खरं वाटायला लागतं.

कलाबाई अजून संपली नव्हती. "पाहा रे बाप्पा! जे पोरगी देत नाई म्हंते, थे सकाळपासून बादली घेऊन वाकून राह्यली. अन् जो देते म्हंते, थो खुर्चीवर बसेल हाय. ये वं माय, इकडं वरण आन."

धम्मशीला वरण घेऊन गेली. वाढताना थोडं वरण सांडलं. कलाबाई म्हणाली, "सांडू दे."

मग जे झालं ते मी विसरणार नाही. मी बुंदी घेऊन पुढच्या रांगेत गेले तर एक म्हातारा म्हणाला, "बाई, मस्त झाली तुमची बुंदी." तुमची! इतक्या वर्षांत मला हा शब्द कोणी म्हटला नव्हता. मी त्याला दोन ओंजळी वाढल्या.

दुसऱ्या दिवशी प्लायवूडच्या पलीकडे पुन्हा आवाज आले. मी या वेळी कान लावला. कबूल.

"बस," हिंमतराव म्हणाले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या केबिनमध्ये कर्मचाऱ्याला 'बस' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "कायमचा कागद हाय हा. सही करतो मी. पण मले एक सांग. पुढच्या साली देशील का?"

"तवा विचारा साहेब."

"अन् तवा बी नाई म्हनलं त?"

"त नाई." ती जरा थांबली. "तुम्ही कायम केलं म्हून मी आताच हो म्हनलं, त थे बी कापल्यासारखंच झालं ना साहेब."

मी इकडे नोटांचा गठ्ठा घट्ट धरून उभी होते. गेली हिची नोकरी, असं मला वाटलं.  मग पेनाचं टोपण टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि त्यामागून कागदावर पेन चालल्याचा. सही मनापासून झाली की संचालक मंडळाची निवडणूक उन्हाळ्यात होती आणि ठेवीदार कलाबाईचे किस्से सांगत होते म्हणून झाली, ते देव जाणे. झाली एवढं खरं. धम्मशीला बाहेर आली आणि माझ्या काउंटरपाशी उभी राहून रडली, आणि मग लगेच कामाला लागली, कारण खिडकीवर गर्दी होती.

यंदा डिसेंबरचा पगार झाला. पगारचिठ्ठीवर अन्नदान नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मान वर करून पाहिलं तर माझ्या खिडकीच्या रांगेत हिंमतराव उभे. पुढे एक पेन्शनर, मागे कलाबाई. अध्यक्षांनी रांगेत उभं राहायची गरज नव्हती, पण बहुतेक कुठून मागायला सुरुवात करायची हे त्यांना कळत नव्हतं. तोंडानं मागायची सवयच नव्हती माणसाला.

त्यांचा नंबर आला. "वंदनाताई, अन्नदानाले काही देता काय?" ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "नाई म्हनलं तरी चालते."

वर्षभर मी एक सणसणीत 'नाही' तयार करून ठेवला होता. भांडी घासताना घोकला होता. त्यात बुंदीचा, बॅनरचा आणि आरशाचाही उल्लेख होता. तो तोंडाशी आला आणि तिथंच विरघळला. विचारलं ना या माणसानं! त्याच्या कपाळावर थंडीतही घाम होता.

"विचार करते," मी म्हटलं आणि मुद्दाम सावकाश विचार केला. एवढा हक्क माझा होता.

"कर लवकर माय, माही भाजी सुकून राह्यली," मागून कलाबाई.

मी पर्स काढली आणि दिले. किती ते सांगणार नाही. एक दिवसाचा पगार नव्हता. पैसे त्यांच्या हातावर ठेवताना माझ्याच छातीत काहीतरी हललं. दरवर्षी कापून गेलेल्या पैशांनी मला कधी असं काही झालं नव्हतं. आयुष्यात मी पहिल्यांदा दान केलं, असं मला वाटलं, आणि डोळे भरून आले म्हणून मी उगाच ड्रॉवर उघडून पाहिला.

हिंमतराव शेजारच्या टेबलाकडे गेले. "धम्मशीला, तू देतं काय?"

"यंदा नाई साहेब."

कारण तिनं सांगितलं नाही आणि साहेबांनी विचारलं नाही.  "बरं," ते म्हणाले. "वाढाले त येशील ना?"

"येईन ना."

"वरणाची बादली तुह्याकडंच मंग."

परवा पुण्यतिथी झाली. बॅनर लहान होता आणि बुंदीही दरवर्षीपेक्षा थोडी कमीच होती, कारण काहींनी कमी दिलं आणि काहींनी दिलंच नाही. धम्मशीला वरण घेऊन फिरत होती. हिंमतराव खुर्ची सोडून पोळ्या वाढत होते, आणि वाढता येत नव्हत्या त्यांना. एकाच्या पत्रावळीवर चार, दुसऱ्याला एकही नाही. मी बुंदीचं ताट घेऊन कलाबाईसमोर आले. तिनं मुद्दाम चिमूट उचलून माझ्याकडे पाहिलं.

"कोणाची व्हय वं हे बुंदी?"

"सगळी नाई," मी म्हटलं. "पण याच्यातली मूठभर माही व्हय."

कलाबाईनं ती तोंडात टाकली, नीट चावली आणि पत्रावळी पुढं सरकवली. "मंग वाढ अजून. लाजू नको."